"आई, तू आत सरक": अपघातानंतर स्वतःशी कसं बोलायचं?

जाईजुई | मंगळवार, रात्री 11:40

इथे बरीच वर्षं नुसती वाचक आहे. पहिल्यांदाच धागा काढतेय, तोही लांबलचक. सांभाळून घ्या.

ऑगस्ट 2022 ची गोष्ट. आम्ही विक्रोळीला कन्नमवार नगरात राहतो. आईचे गुडघे दुखायचे, तिला घाटकोपरला डॉक्टरांना दाखवायला न्यायचं होतं. एरवी रिक्षात आधी मी चढायचे आणि ती मागून, कारण पाय दुमडून आत सरकणं तिला जमायचं नाही. त्यामुळे ती कायम डावीकडे, फुटपाथच्या बाजूला. त्या दिवशी धो धो पाऊस होता आणि छत्री एकच. ती भिजत होती म्हणून मी म्हटलं, "आधी तू बस. आई, तू आत सरक." ती उजवीकडची दांडी धरून कशीबशी सरकली. हायवेला लागून पाच-सात मिनिटं झाली असतील, एका टेम्पोने उजवीकडून धडक दिली. आई त्याच संध्याकाळी गेली. मला कोपराला सहा टाके पडले.

तेराव्याला एक काकू म्हणाल्या, "तुला काहीच लागलं नाही, देवाची कृपा." त्या चांगल्या मनानेच म्हणाल्या. पण त्या रात्रीपासून डोक्यात एक वाक्य सुरू झालं: भिजली असती तर काय झालं असतं? सर्दीच झाली असती ना?

दोन वर्षं हे वाक्य रोज ऐकलं. ऑफिस चालू होतं, बाबांचा डबा चालू होता, सगळे म्हणायचे पोरगी धीराची आहे. रात्री तीनला जाग यायची. हायवे सोडला, रिक्षा सोडली. घाटकोपरला जायचं तर स्टेशनपर्यंत चालत आणि पुढे लोकलने. पावसाळ्यात तर छत्री उघडतानाही हात थरथरायचे.

शेवटी एका हॉस्पिटलच्या ओपीडीत दाखवलं. पीटीएसडी म्हणाले, म्हणजे आघातानंतर मनाला जडणारा आजार. तिथल्या समुपदेशक बाईंनी मला विचारलं, हेच तुमच्या मैत्रिणीच्या बाबतीत घडलं असतं तर तुम्ही तिला काय म्हणाला असता? मी म्हटलं, तिला धीर दिला असता, कारण तिची चूक नसती. माझी आहे. तो प्रश्न माझ्यापुरता तिथेच संपला. पुढच्या वेळी त्यांनी सांगितलं, तुम्ही स्वतःला जे म्हणता ते मोठ्याने म्हणून दाखवा. मी म्हटलं. ज्या आवाजात म्हणते त्याच आवाजात. त्यांनी विचारलं, तुमच्या घरात या आवाजात कोण बोलतं? मी खूप आठवून पाहिलं. कोणीच नाही. बाबा कधी ओरडले नाहीत. आई ओरडायची, पण ओरडून झालं की पाच मिनिटांत "चहा घेतेस का" विचारायची. हा आवाज माझ्या ओळखीतल्या कुणाचाच नव्हता.

त्याच दरम्यान चिपळूणची मावशी महिनाभर राहायला आली. सख्खी बहीण गेलेली तिची. मी रात्री उठले की तीही उठायची. "रडू नको" म्हणाली नाही, "तुझी काय चूक" असंही नाही. पाण्याचा तांब्या पुढे करायची आणि म्हणायची, "झालं ते वाईटच झालं गो." एवढंच. ती परत गेल्यावर तीनला जाग आली की हे वाक्य मी स्वतःला म्हणायला लागले, अगदी तिच्या हेलात. एक-दोन दिवसांत काही झालं नाही. पण तीन-चार महिन्यांनी लक्षात आलं की सर्दीवालं वाक्य आलं की त्याच्या मागून हेही येतं.

समुपदेशक बाई म्हणाल्या, स्वतःशी असं मायेनं बोलण्यावर जगभर संशोधन झालंय. मला इथल्या लोकांकडून ऐकायचंय. तुमच्यावर काही बेतलं असेल, तर नंतर तुम्ही स्वतःशी कसे बोललात? आणि याला मराठीत म्हणायचं काय? बाई "आत्मकरुणा" म्हणाल्या. मला तो शब्द परीक्षेतल्यासारखा वाटतो.

---

रानवारा | मंगळवार, रात्री 11:58

वाचून बराच वेळ काही सुचलं नाही. तुम्हाला मिठी.

---

सातरस्ता | बुधवार, सकाळी 7:15

जाईजुई, तुमच्या आईंना श्रद्धांजली. तुमचं दुःख खरं आहे, त्याबद्दल दुमत नाही. पण एक परखड मत मांडतो, राग मानू नका.

मी 65 वर्षांचा आहे. आमच्या पिढीने स्वतःवर माया वगैरे केली नाही. 11 जुलै 2006 ला पश्चिम रेल्वेवर 11 मिनिटांत सात स्फोट झाले, फर्स्ट क्लासच्या डब्यांत. मी मागच्या गाडीत होतो. रुळांवरून चालत घरी पोचलो आणि दुसऱ्या दिवशी त्याच लाइनने कामावर गेलो. सगळी मुंबई गेली. माणूस स्वतःला गोंजारत बसला की ढिला पडतो. चूक झाली असेल तर ती स्वतःला सांगायला हवी, नाहीतर ते स्वतःला पाठीशी घालणं होतं.

---

निळीशाई | बुधवार, सकाळी 10:30

ठाण्यात समुपदेशन करते, या विषयात काम आहे म्हणून लिहिते.

सातरस्ता, तुमचा आक्षेप संशोधकांनीही गांभीर्याने घेतलाय. टेक्सास विद्यापीठाच्या ऑस्टिन इथल्या मानसशास्त्रज्ञ क्रिस्टिन नेफ यांनी 2003 मध्ये आत्मकरुणेची व्याख्या केली आणि ते मोजायला 26 विधानांची प्रश्नावली तयार केली. त्यांच्या मते यात तीन धागे असतात. स्वतःला झोडपण्याऐवजी मायेनं वागवणं. हे माझ्या एकट्याच्याच वाट्याला आलंय असं न मानता माणसाच्या जातीला हे होतं याची जाणीव ठेवणं. आणि तिसरं, जे दुखतंय ते आहे तेवढंच पाहणं, दाबायचंही नाही आणि त्यात बुडायचंही नाही. जाईजुई, तुमच्या मावशीचं वाक्य पुन्हा वाचा. "वाईटच झालं" यात तिसरा धागा आहे, काही लपवलेलं नाही. "गो" मध्ये पहिला. आणि ती स्वतः बहीण गमावून तुमच्याबरोबर जागी होती, तो दुसरा. आमच्या प्रशिक्षणात हे समजावायला दोन दिवस लागतात.

ढिलं पडण्याबद्दल. कॅलिफोर्नियात बर्कलेला ब्राइन्स आणि चेन या दोघींनी 2012 मध्ये काही प्रयोग प्रसिद्ध केले. एका प्रयोगात विद्यार्थ्यांना अवघड परीक्षा दिली, बहुतेकांची ती वाईट गेली. ज्यांना स्वतःकडे मायेनं पाहायला सुचवलं होतं, ते पुढच्या परीक्षेसाठी इतरांपेक्षा जास्त वेळ अभ्यासाला बसले. चूक कबूल करायला पायाखाली जमीन लागते. स्वतःच्याच लाथा खाणारा माणूस चूक बघत नाही, लाथा चुकवत असतो.

आघाताबद्दल थेट सांगायचं तर मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो कार्मेलचा अभ्यास. डिसेंबर 2010 मध्ये इस्रायलमधल्या कार्मेल डोंगरावर मोठा वणवा पेटला, 44 माणसं गेली. त्या भागातल्या 64 किशोरवयीन मुलांना संशोधक पहिल्या महिन्याभरात भेटले, मग तीन महिन्यांनी आणि सहा महिन्यांनी. ज्या मुलांमध्ये ही माया जास्त होती त्यांच्यात पुढे आघाताची, नैराश्याची आणि घबराटीची लक्षणं कमी दिसली. इराक-अफगाणिस्तानहून परतलेल्या 115 अमेरिकी सैनिकांना वर्षभराने पुन्हा तपासलं, तिथेही कल असाच होता. त्यांनी किती लढाई पाहिली हे हिशेबात धरूनसुद्धा.

आता दुसरी बाजू. हे छोटे अभ्यास आहेत आणि परदेशातले आहेत. दोन गोष्टी बरोबर चालतात म्हणून एकीमुळे दुसरी होते असं सिद्ध होत नाही. ज्याला मुळात कमी त्रास आहे त्याला स्वतःशी गोड बोलणं सोपंही जात असेल. प्रश्नावलीवरही टीका झाली आहे. तिची अर्धी विधानं उलट बाजूची आहेत, म्हणजे स्वतःला दूषणं देणं, एकटं पडणं, दुःखात बुडणं, त्यामुळे आपण माया मोजतोय की दूषणांचा अभाव, असा वाद आहे. पीटीएसडीवर मुख्य उपचार आघातावर थेट काम करणारी मानसोपचार पद्धत किंवा ईएमडीआर (डोळ्यांच्या हालचालींच्या मदतीने आठवणीवर काम करणारी पद्धत) हेच आहेत. ही माया त्या उपचारांची जागा घेत नाही. पण त्यांना तोंड द्यायचं बळ देते, हे मी रोज पाहते.

---

चेंबूरची_चिंच | बुधवार, दुपारी 1:05

शब्दाबद्दल. आमच्याकडे विहारात मैत्री, करुणा, मुदिता (दुसऱ्याच्या सुखात आनंद), उपेक्षा (इथे दुर्लक्ष नव्हे, समतोल मन) हे चार शब्द लहानपणापासून कानावर पडतात. मैत्रीभावनेची सुरुवात परंपरेनं स्वतःपासूनच करतात: मी सुखी होवो, मग माझी माणसं, मग अनोळखी, मग ज्याच्याशी वैर आहे तो. नेफ यांनीही हे बौद्ध साधनेतूनच घेतलं आहे. म्हणजे ही आपल्याकडून गेलेली गोष्ट प्रश्नावली होऊन परत आली.

मला "आत्मकरुणा" चालतो, पण "करुणा" म्हटलं की लोकांना कीव ऐकू येते, आणि कीव वरून खाली टाकलेली असते. माझं मत "स्वतःवर माया" ला. माया बरोबरीने बसून करतात.

---

रानवारा | बुधवार, दुपारी 1:40

"जिवाला जपणं" कसं वाटतं? आजी म्हणायची, जिवाला जप गं.

---

रात्रपाळी | गुरुवार, पहाटे 4:20

मी नर्स आहे, अपघात विभागात. या शहरात लोकलच्या रुळांवर वर्षाला दोन हजारांवर माणसं जातात, त्यातली काही आमच्या दारातून जातात. त्याची सवय झाली असं लोक म्हणतात. होत नाही.

2020 चा मे महिना. बेड कमी, ऑक्सिजनचे पॉइंट कमी. एका आजोबांनी माझा हात धरून विचारलं, "मुलीला फोन लावून देता का?" मी म्हटलं, पाच मिनिटांत येते. तीन तासांनी गेले. पीपीई किटच्या आत घाम एवढा की हातमोजे काढल्यावर बोटांच्या टोकांतून पाणी गळायचं. त्या बोटांनी मी त्यांच्या मुलीचा नंबर लावला तेव्हा ते गेलेले होते.

कुणीतरी आमच्यासाठी ऑनलाइन सत्र ठेवलं होतं. छातीवर हात ठेवा, स्वतःला प्रेमानं काहीतरी म्हणा. सगळ्या डोळे मिटून बसल्या. मी हात ठेवला आणि श्वासच अडकला. इतकं रडू आलं की लॅपटॉप बंद केला. तेव्हापासून वाटतं की माझ्यात काहीतरी मोडलंय, मला ही माया झेपतच नाही. निळीशाई, असं होतं का कुणाला?

---

निळीशाई | गुरुवार, सकाळी 9:50

होतं, रात्रपाळी. खूप जणांना होतं, आणि त्याचा अर्थ तुम्ही मोडलाय असा अजिबात नाही.

नेफ यांच्याबरोबर आठ आठवड्यांचा अभ्यासक्रम बांधणारे ख्रिस्टोफर जर्मर याला अग्निशमन दलाची उपमा देतात. बंद खोलीत आग धुमसत असते, आतला प्राणवायू संपलेला असतो. कुणी एकदम दार उघडलं की हवा आत शिरते आणि ज्वाळा बाहेर झेपावते. खूप दिवस माया न मिळालेल्या मनात माया शिरली की आधी जुनं दुःखच बाहेर येतं. म्हणून जवान दार हळूहळू उघडतात. तुम्हीही छातीवर हात नका ठेवू. पायापासून सुरू करा: ड्युटी संपल्यावर बूट काढून तळवे थंड फरशीवर टेकवा आणि फक्त फरशी जाणवू द्या. जड झालं तर थांबा. थांबणं हीसुद्धा मायाच.

ब्रिटनमधले मानसशास्त्रज्ञ पॉल गिल्बर्ट मनाच्या तीन यंत्रणा सांगतात. मी मराठीत त्यांना धोका, धडपड आणि दिलासा म्हणते. बाहेरून कुणी ओरडलं की धोक्याची यंत्रणा पेटते, हे सगळ्यांना माहीत आहे. आतून आपणच ओरडलो तरी तीच पेटते, हे आपण विसरतो. काळीज धडधडतं, झोप उडते. जाईजुईंना रात्री तीनला जे होत होतं ते हेच असणार. दिलाशाची यंत्रणा मात्र ज्यांना लहानपणी उब मिळाली त्यांचीच पटकन चालू होते, इतरांना ती हळूहळू शिकावी लागते. काहींना तर मायेचीच भीती वाटते.

आणि त्या पाच मिनिटांबद्दल. बेड आणि पॉइंट कमी असणं तुमच्या हातात नव्हतं. आघातानंतर मन सगळा दोष एका माणसाच्या नावावर लिहितं, बहुधा स्वतःच्याच. हे इतकं सर्रास आढळतं की 2013 मध्ये पीटीएसडीचे निकष बदलले तेव्हा स्वतःला किंवा इतरांना विपर्यस्त दोष देणं हे लक्षण म्हणून त्यात घातलं गेलं.

---

रात्रपाळी | गुरुवार, सकाळी 11:15

हे लक्षण आहे हे मला ठाऊक नव्हतं. मी तो माझा निकाल समजत होते.

---

पुलाखाली | गुरुवार, रात्री 12:35

सगळं वाचलं. माझं जे झालं ते लहानपणी झालं, इथे लिहू शकत नाही. मला स्वतःबद्दल माया सोडा, रागही येत नाही. काहीच वाटत नाही. कधीकधी वाटतं नसलेलंच बरं.

---

निळीशाई | गुरुवार, रात्री 12:41

पुलाखाली, मी जागी आहे. नसलेलं बरं वाटतं म्हणजे जीव संपवायचा विचार येतो का? हे थेट विचारतेय, कारण विचारल्याने असा विचार वाढत नाही. 14416 हा टेलि-मानसचा क्रमांक आहे, सरकारी, मोफत आणि रात्रीसुद्धा चालू. मराठीत बोलता येतं. आत्ता फोन लावाल का? तिथे काय झालं ते सांगावं लागत नाही, "काहीच वाटत नाही" एवढंच सांगितलं तरी पुरतं. आणि काही न वाटणं हे खूप सोसल्यावर मनानं ओढून घेतलेलं पांघरूण असतं. ते ओढून काढायची घाई नाही.

---

पुलाखाली | गुरुवार, रात्री 1:30

लावला. बोललो. झोपतो आता.

---

जाईजुई | शुक्रवार, सकाळी 8:00

पुलाखाली, तुम्ही लिहिलंत म्हणून मला धागा काढल्याचं बरं वाटलं. सकाळी उठल्यावर फक्त "उठलो" एवढं लिहा.

सातरस्ता काका, तुमचा राग नाही आला. माझा भाऊही आधी हेच म्हणाला होता. पण मला आता वाटतं की स्वतःला पाठीशी घालणं वेगळं आणि स्वतःच्या पाठीशी उभं राहणं वेगळं. "मी तिला आत सरकायला सांगितलं" हे मी आज कुणालाही सांगू शकते, इथे लिहूही शकले. आधी दोन वर्षं बाबांनासुद्धा सांगितलं नव्हतं. तेव्हा लपवत होते, आणि तेव्हाच मी स्वतःला सगळ्यात जास्त शिव्या घालत होते.

---

पुलाखाली | शुक्रवार, सकाळी 9:10

उठलो.

---

सातरस्ता | शनिवार, सायंकाळी 6:30

तीन दिवस विचार करून लिहितोय. दुसऱ्या दिवशी कामावर गेलो हे खरंच आहे आणि त्याचा मला अभिमान आहे. पण मी एक गोष्ट लिहिली नाही. माझ्याकडे तेव्हा फर्स्ट क्लासचा पास होता. त्या दिवशी आमचा ग्रुप नेहमीची गाडी पकडून पुढे गेला आणि मी साहेबांच्या कामाने पाच मिनिटं मागे राहिलो. दोघे गेले. त्यानंतर निवृत्त होईपर्यंत मी फर्स्ट क्लासचा पास काढला नाही. घरी सांगितलं, पैसे वाचवतो.

मत अजून पूर्ण बदललेलं नाही. फक्त नोंद असावी म्हणून.

---

निळीशाई | शनिवार, रात्री 9:15

सातरस्ता, हे लिहिलंत, मनापासून आभार. 2008 मध्ये थॉम्पसन आणि वॉल्ट्झ या संशोधकांनी आघातातून गेलेले विद्यार्थी तपासले. स्वतःवर माया असणाऱ्यांमध्ये एक लक्षण ठळकपणे कमी आढळलं, ते म्हणजे टाळणं. ती जागा टाळणं, तो विषय टाळणं, ती आठवण टाळणं. मला ते यामुळेच पटतं: आतमध्ये कुणी आपल्यावर तुटून पडणार नसेल, तर त्या आठवणीजवळ जायची भीती कमी होते. आणि जवळ गेल्याशिवाय ती आठवण जुनी होत नाही.

तुम्ही कामावर गेलात तो धीरच होता. पास न काढणारा माणूसही तुम्हीच, त्यालाही कुणी विचारायला हवं होतं.

---

सातरस्ता | शनिवार, रात्री 9:50

त्या दोघांपैकी एकाच्या मुलाचं लग्न झालं, मला बोलावणं होतं. गेलो नव्हतो. फोन करेन म्हणतो.

---

जाईजुई | पाच आठवड्यांनंतर, रविवार

धागा वर काढतेय.

काल भाऊ, वहिनी, सहा वर्षांची भाची आणि मी घाटकोपरला निघालो होतो. पाऊस. चौघं एका रिक्षात मावत नाही, म्हणून ते दोघं पुढच्या रिक्षात बसले आणि भाची हट्टाने माझ्याबरोबर राहिली. रिक्षा थांबली. भाची भिजत होती. मी तिला आधी बस म्हणायला तोंड उघडलं आणि शब्दच फुटेना. तिला कसलं काय ठाऊक. ती म्हणाली, "आत्या, मला बाहेरचं बघायचंय. तू आत सरक."

मी सरकले. उजवी दांडी ओली होती. हायवेला लागल्यावर हृदय इतकं धडधडायला लागलं की रिक्षा थांबवावीशी वाटली. सर्दीवालं वाक्य आलं. मी हात स्वतःच्या गुडघ्यावर ठेवला, आईच्या गुडघ्याला तेल चोळायचे तसा, गोल गोल. मावशीचं वाक्य तिच्या हेलात तीनदा म्हटलं. त्या जागेवरून रिक्षा गेली तेव्हा डोळे उघडे होते. पाहिलं. रस्ताच होता. रडले. भाचीने विचारलं, "काय झालं?" मी म्हटलं, आजीची आठवण आली. ती म्हणाली, "मला पण येते," आणि खिडकीकडे बघत बसली, म्हणजे रिक्षाला खिडकी नसते, पण तिच्या लेखी ती खिडकीच.

परत येताना लोकलनेच आले. एका दिवसात एवढंच झेपलं.

---

रात्रपाळी | रविवार, रात्री 8:40

वाचलं गं. डोळे भरून आले. ड्युटीवर निघालेय, सकाळी सुटले की सविस्तर लिहिते. फरशीवर तळवे टेकवायचं चालू आहे, त्याबद्दलही सांगायचंय.